महसूल, तहसील आणि काय हशील : अरबीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की 'अफवा' हा शब्द मूळ अरबीत 'तोंड' या शब्दाचं अनेकवचन आहे. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर अरबीला देऊन टाकलं. माझी काही तक्रार नाही. कैरोत ही भाषा शिकले, पुढे आखातात दुभाषी म्हणून तिच्यावरच पोट भरलं. तिच्याविषयी बोलायला मला निमित्तच लागतं.

प्रश्न : ताई, मी निवृत्त तलाठी. जन्म महसूल खात्यात गेला. महसूल, तहसील हे शब्द फारसी, असंच आम्ही ऐकत आलो. तुम्ही अरबी म्हणता. खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं. शब्द जन्मानं अरबी, पण आपल्याकडे आले ते फारसीच्या हातून. तहसीलदारातलं 'तहसील' अरबी आणि 'दार' फारसी.

पण तुमच्या खात्यातच अरबीचं सगळं गुपित दडलंय, ते सांगते. अरबी शब्दाच्या पोटात बहुधा तीन व्यंजनं असतात. त्यांना मूळ म्हणायचं. ह-स-ल हे असंच एक मूळ. अर्थ हाती लागणं, मिळणं. मूळ नुसतं उच्चारता येत नाही, ते साच्यात ओतावं लागतं. एका साच्यात ओतलं की 'हासिल', म्हणजे हाती आलेलं. दुसऱ्यात ओतलं की 'महसूल', म्हणजे मिळवलेलं. तिसऱ्यात 'तहसील', म्हणजे मिळवण्याची, वसूल करण्याची क्रिया. आणि दुपारी कचेरीत कुणी वैतागून 'अर्ज देऊन काय हशील?' म्हणाला असेल, तर तोही तेच मूळ बोलत होता.

साचे ठरलेले आहेत. 'महसूल'च्या साच्यात मालूम, मंजूर, मशहूर, मजकूर बसतात. 'तहसील'च्या साच्यात तालीम, तपशील, तजवीज, तारीख. 'हासिल'च्या साच्यात वारस, मालक, जामीन, फक्त मराठीनं त्यांचे स्वर थोडे घासलेत. अरब वैयाकरणांनी साच्यांना नावं देताना फ-अ-ल (करणं) हे मूळ नमुन्याला घेतलं (यातला 'अ' आपला स्वर नव्हे, घशातून काढायचं एक व्यंजन आहे) आणि करणारा तो 'फाइल', केलेलं ते 'मफऊल' असं ठरवलं. त्या 'फाइल'चा तुमच्या लाल फितीतल्या फायलीशी संबंध नाही.

क्रियापदांनाही हेच लागू. अ-ल-म या मुळापासून 'अलिम' म्हणजे त्याला कळलं. मधलं व्यंजन दुहेरी केलं की 'अल्लम', त्यानं शिकवलं. आधी 'त' लावला की 'तअल्लम', तो शिकला. आधी 'इस्त' लावलं की 'इस्तअलम', त्यानं चौकशी केली. मूळ आणि साचा ओळखता आला, की कधी न ऐकलेल्या शब्दाचाही निम्मा अर्थ लागतो. पहिल्या वर्षी ही भाषा छळते, दुसऱ्या वर्षी तिचं व्यसन लागतं, ते यामुळेच.

अनेकवचनंसुद्धा शेवटी प्रत्यय लावून नव्हे, तर पुष्कळदा आतला साचा मोडून होतात. किताबचं कुतुब, हालचं अहवाल, अमीरचं उमरा. आपण 'अमीर-उमराव' म्हणतो तेव्हा एकवचन आणि अनेकवचन जोडीनं बसवलेलं असतं. आणि 'अहवाल' सादर करतो तेव्हा अरबीच्या हिशेबानं एक नव्हे, अनेक 'हाल' सादर करतो.

प्रश्न : अरबीत उंटाला शेकडो शब्द आहेत म्हणतात. खरंच इतके लागतात का?

उत्तर : शेकडो, हजारो असे आकडे फेकणाऱ्यांना विचारावं, की त्यातली साधी विशेषणं किती? सिंहाचंही तेच. हैदर, गजनफर, दिरगाम ही सिंहाची 'नावं' बरीचशी कवींनी लावलेली बिरुदं आहेत.

उंटाचं खरं शब्दभांडार वेगळ्याच ठिकाणी दिसतं, ते म्हणजे जकातीच्या हिशेबात. ही जकात नाक्यावरची नव्हे, मुसलमानानं संपत्तीतून द्यायचं सक्तीचं दान. 'जमल' नर, 'नाका' मादी, 'बईर' दोन्हींपैकी कुणीही, 'इबिल' म्हणजे उंट ही जमात. नुकतं जन्मलेलं पिल्लू 'हुवार'. इस्लामी कायद्याप्रमाणे 25 उंट असतील तर जकात म्हणून एक 'बिन्त मखाद' द्यायची, म्हणजे वर्ष पूर्ण केलेली मादी, जिची आई पुन्हा गाभण असावी इतका काळ लोटलाय. 36 झाले की 'बिन्त लबून', दोन वर्षं पूर्ण केलेली. तोवर आई पुन्हा विऊन दुभती झालेली असते. 46 ला 'हिक्का', तीन वर्षं पूर्ण केलेली. 61 ला 'जदआ', चार वर्षांची. वय दातांवरून आणि आईच्या वेतावरून मोजणाऱ्या माणसांना हे शब्द लागणारच. आपल्याकडे वासरू, कालवड, गोऱ्हा, खोंड हे वेगळे लागतात, तसेच.

एक शब्द मला फार आवडतो. आईच्या दुधावरून तोडलेलं पिल्लू म्हणजे 'फसील'. मूळ फ-स-ल, वेगळं करणं. खरं-खोटं वेगळं करतो तो 'फैसला', एकेक गोष्ट सुटी करून मांडतो तो 'तपशील', आणि दोन ठिकाणांना वेगळं ठेवतो तो 'फासला'.

प्रश्न : अरबी भाषा इस्लामच्या आधी होती का? लिहिली जात होती का?

उत्तर : होती आणि लिहिलीही जात होती, पण सुरुवातीला ज्या अक्षरांत आज लिहितात त्यांत नव्हे. सीरिया, जॉर्डन आणि उत्तर सौदी अरबस्तानच्या काळ्या बेसाल्टच्या वाळवंटात मेंढपाळांनी दगडांवर कोरलेले हजारो लहान लेख सापडलेत. त्या लिपीला 'सफाइटिक' म्हणतात. अमक्याचा मुलगा तमका, त्यानं इथं जनावरं चारली, तो दुःखी झाला, असा मजकूर. भाषा अरबीच्या जुन्या रूपांपैकी, असं आता बरेच अभ्यासक मानतात.

नाव, गाव, साल असा चोख पुरावा हवा असेल, तर तो नमाराचा. दक्षिण सीरियातल्या नमारा इथं इम्रुल कैस नावाच्या राजाच्या थडग्यावरचा लेख सापडला. साल इ.स. 328. त्यात तो स्वतःला 'सगळ्या अरबांचा राजा' म्हणवतो. भाषा अरबी, अक्षरं मात्र पेत्रा बांधणाऱ्या नबाती लोकांची. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

या नबाती अक्षरांतूनच आजची अरबी लिपी आली आणि येताना एक घोळ घेऊन आली. नबाती लोक लिहीत अरामी भाषेत. तिला 22 व्यंजनं पुरत, अरबीला 28 लागतात. त्यात घाईघाईनं लिहून लिहून काही अक्षरं एकमेकांसारखी दिसायला लागली. शब्दाच्या मध्ये ब, त, न, य हे सगळे एकाच दातासारखे. उपाय काय, तर टिंबं. खाली एक दिलं की ब, वर एक दिलं की न, वर दोन म्हणजे त, खाली दोन म्हणजे य. ही टिंबं फार नंतर आली, असं पूर्वी समजत. पण व्हिएन्नात एक पपायरस आहे, इजिप्तमधल्या अहनास इथला, हिजरी 22 चा, म्हणजे इ.स. 643 चा. मजकूर ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत. अरब सैन्यानं गावाकडून 65 मेंढ्या घेतल्या, त्याची पावती. तलाठीसाहेब, जगातल्या सर्वांत जुन्या, तारीख असलेल्या अरबी कागदांपैकी हा एक, आणि तो निघाला वसुलीचा! त्यातल्या काही अक्षरांवर टिंबं आहेत.

पुढे उमय्या खलिफा अब्दुल मलिक (इ.स. 685 ते 705) यानं दप्तराची भाषा ग्रीक आणि फारसीवरून अरबीवर आणली, नाण्यांवरची चित्रं काढून निव्वळ अरबी अक्षरं घातली. भाषा वाळवंटातून उठून कचेरीत बसली ती तेव्हा.

प्रश्न : अरबी व्याकरण फार किचकट आहे असं ऐकलं. ते लिहिलं कुणी?

उत्तर : गंमत अशी, की सर्वांत मोठं व्याकरण लिहिणारा सीबवैह अरब नव्हताच, तो इराणी होता. आठव्या शतकातला, इराकमधल्या बसऱ्यात शिकलेला. त्याच्या ग्रंथाला नावसुद्धा नाही. लोक नुसतं 'अल-किताब' म्हणतात, म्हणजे 'ते पुस्तक'. अरबांना जे आईच्या मांडीवर मिळालं, ते बाहेरच्याला नियम करूनच शिकावं लागलं, हे मला पटतं.

किचकट काय आहे ते एका जुन्या गोष्टीतून सांगते. अबुल अस्वद हा पहिला वैयाकरण मानला जातो. परंपरेनं चालत आलेली गोष्ट अशी, की एका रात्री त्याची मुलगी आकाशाकडे बघून म्हणाली, 'मा अहसनु स्समाइ!' बाप म्हणाला, 'तारे.' मुलगी म्हणाली, 'मी विचारत नव्हते, आश्चर्यानं म्हणाले.' 'मग मा अहसन स्समाअ म्हण,' बाप म्हणाला. पहिल्याचा अर्थ 'आकाशातलं सर्वांत सुंदर काय?' आणि दुसऱ्याचा 'किती सुंदर आहे आकाश!' फरक फक्त शेवटच्या ऱ्हस्व स्वरांचा, आणि हे स्वर एरवी लिहितच नाहीत. विभक्तीचे हे स्वर बोलीतून कधीच गळून गेलेत. लिखित भाषेत ते आहेत, आणि परीक्षेत मुलं त्यांच्यावरच आपटतात.

सीबवैहचा शेवटही एका विभक्तीनंच झाला म्हणतात. बगदादेत, हारून अल-रशीदचा वजीर याह्या बर्मकीच्या दरबारात, त्याचा किसाईशी वाद झाला. हा इराकमधल्याच कूफा शहराचा वैयाकरण. वाक्य होतं : 'मला वाटायचं गांधीलमाशीपेक्षा विंचवाचा डंख जहरी, पण बघतो तर दोन्ही सारखेच.' शेवटी सर्वनाम प्रथमेतलं 'हिया' घ्यायचं की द्वितीयेतलं 'इय्याहा'? सीबवैह म्हणाला, फक्त 'हिया'. किसाई म्हणाला, दोन्ही चालतात. निवाडा करायला दाराशी बसलेले बदू, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, बोलावले, कारण त्यांची भाषा सर्वांत शुद्ध मानत. त्यांनी किसाईच्या बाजूनं कौल दिला. त्यांना पैसे चारले होते, असं बसऱ्याचे लोक आजवर म्हणतात. सीबवैह खचून परत गेला आणि थोड्याच काळात वारला. त्याचं 'पुस्तक' मात्र आजही शिकवतात.

प्रश्न : अरबीला 'दादची भाषा' का म्हणतात?

उत्तर : 'दाद' हे एका अक्षराचं नाव. हा आवाज आपल्याखेरीज कुणाकडे नाही, असा अरबांचा अभिमान. जड, जीभ रुंद करून काढलेला 'द'. सीबवैहनं त्याचं वर्णन केलंय, की जिभेची कड दाढांना टेकवून काढायचा, म्हणजे त्यात 'ल'ची छटा असणार. तसा उच्चार आज अरबही करत नाहीत. पण त्याची एक खूण स्पेनमध्ये उरलीय. अरबीतला 'अल-कादी', म्हणजे न्यायाधीश, स्पॅनिशमध्ये 'अल्काल्दे' झाला. तो 'ल' कुठून आला? त्या जुन्या दादमधून. स्पेनमध्ये आज अल्काल्दे म्हणजे महापौर. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून 'काजी' होऊन आला, कारण इराण्यांच्या तोंडी दादचा ज झाला.

ही दाद मराठीत किती ठिकाणी लपलीय बघा. 'कर्जासाठी अर्ज केला, तर जामीन मागतात.' या एका वाक्यात ती तीनदा आहे. मजबूत, मर्जी, राजी, हजर, जिल्हा यांतही तीच. अरबीत मुळात चार वेगळी अक्षरं, आणि आपण चौघांनाही ज करून मोकळे : जकातीतला एक, मजकुरातला दुसरा, जामिनातला तिसरा, जुलमातला चौथा. कान फार तिखट असल्याखेरीज नवशिक्याला त्यातले दोन वेगळे ऐकू येत नाहीत.

उलट आपल्याकडचा प त्यांच्याकडे नाही. जुन्या काळी त्याचा फ झाला. प्लेटोचा 'अफलातून', पिप्पलीचं 'फिल्फिल'. हल्ली ब होतो. पाकिस्तान 'बाकिस्तान', पॅरिस 'बारीस'.

प्रश्न : उर्दू वाचता येतं. अरबी येईल ना?

उत्तर : अक्षरं वाचाल, समजणार नाही. उर्दू मराठीच्या कुळातली, अरबी हिब्रू आणि अरामीच्या. उर्दूनं लिपी फारसीच्या हातून घेतली. त्यात प, च, ग यांची अक्षरं फारसीनं वाढवली होती, ट उर्दूनं.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी दुबईला चाललाय. त्यानं कुठली अरबी शिकावी? पुस्तकातली अरबी तिकडे चालत नाही, असं त्याचा मित्र म्हणतो.

उत्तर : मित्र अर्धं बरोबर सांगतो. अरब माणूस दोन अरबी घेऊन जगतो. एक 'फुस्हा' : वर्तमानपत्र, बातम्या, करारनामा, भाषण, प्रार्थना यांची. मोरोक्कोपासून इराकपर्यंत एकच. दुसरी घरची, त्या त्या मुलखाची. फुस्हा कुणाचीच मातृभाषा नाही, ती शाळेत शिकावी लागते. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञानं 1959 मध्ये अशा दुहेरी व्यवहारावर निबंध लिहिला, त्यात अरबी हे त्याचं एक मुख्य उदाहरण होतं.

अंतर किती, ते 'आत्ता' या एका शब्दावर पाहा. फुस्हात 'अल-आन'. कैरोत 'दिलवअती'. बैरूत-दमास्कसला 'हल्लअ'. बगदादेत 'हस्सा'. आखातात 'अल-हीन'. मोरोक्कोत 'दाबा'. कुणाची कुणाशी दूरची ओळखही दिसत नाही.

पण माणसं अडत नाहीत. एका बैठकीत मी दुभाषी होते. एकीकडे मोरोक्कोचा अभियंता, दुसरीकडे कुवेतचा अधिकारी. मोरोक्कोच्या माणसानं पहिलं वाक्य घरच्या थाटात टाकलं, अधिकाऱ्यानं भुवया उचलल्या. दुसऱ्या वाक्यापासून दोघंही मधल्या पायरीवर आले. शब्द फुस्हाचे, विभक्त्या गाळलेल्या, मधूनमधून सिनेमांतून सगळ्यांना ठाऊक झालेली इजिप्शियन वळणं. याला ते 'पांढरी भाषा' म्हणतात. मला त्या दोघांमध्ये बोलावंच लागलं नाही, माझं काम इंग्रजीपुरतं उरलं. चहा आल्यावर अधिकाऱ्यानं पोऱ्याला साखरेविषयी जे सांगितलं, ते मात्र अस्सल कुवेती होतं.

मुलासाठी माझा सल्ला : अक्षरं आणि अंक जाण्याआधी शिकावेत, म्हणजे पाट्या, पावत्या, इकाम्यावरची (राहण्याच्या परवान्यावरची) तारीख वाचता येईल. अंकांत पाच म्हणजे गोल आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब, हे आधी डोक्यात बसवायचं. नाहीतर आपला डोळा पाचाला शून्य समजतो. लिहिणं उजवीकडून डावीकडे, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून मांडतात. बोलणं आखाती शिकावं, तेही तिथल्या लोकांकडून. आपल्या मजुरांत चालते ती 'माफी मुश्किल' छापाची मोडकी अरबी पहिल्या आठवड्यात येतेच. तिथं 'माफी' म्हणजे क्षमा नव्हे, 'नाही', हे एवढं लक्षात ठेवलं की झालं. पण तिच्यावरच थांबू नये. त्या अरबीत हुकूम नीट घेता येतो, हक्क नीट मागता येत नाही.

प्रश्न : आपल्याकडून अरबीत काही गेलं का?

उत्तर : अंक गेले. अरब त्यांना आजही 'अर्काम हिंदिय्या' म्हणतात. पंचतंत्र गेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं पहलवीतून, म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या फारसीतून, ते अरबीत आणलं, आणि करटक-दमनक हे कोल्हे 'कलीला' आणि 'दिम्ना' झाले. हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणत. आज ते मुलाचं नाव म्हणूनही ठेवतात.

प्रश्न : अरबी कोश विकत घेतला. 'मकतबा' (ग्रंथालय) शोधत होते, 'म'खाली सापडेना. कोश सदोष आहे का?

उत्तर : कोश ठणठणीत आहे. तो मुळांप्रमाणे लावलेला आहे. 'मकतबा'तला म साच्याचा, मुळाचा नाही. क-त-ब खाली बघा, तिथं किताब, कातिब, मकतब यांच्या पंगतीत मिळेल. 'इस्तिकबाल' (स्वागतकक्ष) क-ब-ल खाली, आपल्या 'कबूल' आणि 'मुकाबला'च्या शेजारी. हा क मात्र घशातला, त्याचं अक्षर वेगळं. आता सापळा बघा. 'मतार' म्हणजे विमानतळ, तो उडण्याच्या त-य-र मुळाखाली. 'मतर' म्हणजे पाऊस, आणि तो मात्र 'म'खालीच, कारण तिथं म मुळातला आहे. म्हणजे शब्द शोधण्याआधी व्याकरण यायला हवं. पहिले काही महिने चिडचिड होते.

आणि निदान तुमच्या कोशाचा क्रम वर्णमालेचा आहे. पहिला अरबी कोश रचला बसऱ्याच्या खलील इब्न अहमदनं, सीबवैहच्या गुरूनं. त्यानं अक्षरं लावली ती आवाज कुठून निघतो त्याप्रमाणे, घशापासून ओठांपर्यंत, आपल्या क ते म सारखी. सुरुवात 'ऐन' या खोल घशातल्या अक्षरानं, म्हणून कोशाचं नावच 'किताब अल-ऐन'. शिवाय एका मुळाची व्यंजनं उलटसुलट करून जेवढी मुळं बनतील, ती सगळी एकाच ठिकाणी. त्यात 'मकतबा' शोधायला लागलं असतं, तर तुम्ही मला याहून तिखट पत्र लिहिलं असतं.

सरावाला एक शब्द देते : 'मदीना', म्हणजे शहर. काही जुने कोशकार तो म-द-न खाली घालतात, काही द-य-न खाली. दोन्हीकडे बघा आणि तुमच्या कोशानं कुणाची बाजू घेतलीय ते मला कळवा.